पांढरं पडलं की पाणी बदला, म्हणे!

सम्पशास्त्री
काल 'रोजपाणी' यांनी आपल्या समुद्री टँकवाल्यांच्या फोरमवर फर्मान काढलं: घरच्या टँकमधलं कोरल (प्रवाळ) पांढरं पडलं म्हणजे पाणी घाण. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा, रोज पाणी बदला, आठ दिवसांत रंग परत. वाचून गप्प बसणार होतो, पण खाली तिघांनी 'करून बघतो' लिहिलंय.

अहो, पांढरं पडणं म्हणजे ब्लीचिंग: कोरलच्या आत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शेवाळं, म्हणजे झूझँथेली, निघून गेली. घरातला स्वयंपाकीच पळाला. त्यात तुम्ही कोठाराला कुलूप लावायला सांगताय!

माझी हॅमर (हातोडीसारख्या टोकांची कोरल) अशीच झाली होती. दोन्ही टेस्ट शून्य, मी खुशीत, वर आणखी जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे). महिनाभरात कांडी काचेसारखी, आतला सांगाडा आरपार दिसायचा. टाकून देणार होतो. रात्री टॉर्च मारली तर बारीक टेंटॅकल (स्पर्शिका) बाहेर. मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक खाद्याचा) एक तुकडा टेकवला, तो तिने सावकाश आत ओढला. म्हणजे मेली नव्हती, उपाशी होती. जीएफओ काढली, दिवे 30 टक्क्यांनी उतरवले, आठवड्यातून दोनदा भरवलं, नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास येऊ दिलं. रंग यायला अडीच महिने लागले. आठ दिवस कुठून आणले?

आणि मांस सोलवटून सुटत असेल तर ते ब्लीचिंगच नाही. तिथे चांगला भाग कापून तो फ्रॅग (तुकडा) वाचवायचा.

निळी_ट्यूब
असहमत. वरची बाजू पांढरी आणि सावलीतली तपकिरी असेल तर तुमचं नायट्रेट गेलं चुलीत, दोष दिव्याचा. नवा एलईडी आणायचा, पहिल्याच दिवशी 100 टक्के ठेवायचा आणि मग पाण्याला शिव्या द्यायच्या. 80 पारमध्ये (पार म्हणजे कोरलला मिळणाऱ्या प्रकाशाचं माप) राहिलेल्या टॉर्च कोरलला एकदम 300 दिले तर ती काय करणार? मीच अशा दोन मॉन्टिपोरा कोरल भाजल्यात. दुसऱ्यांदा वर हीटरही चालूच अडकला, सकाळी पाणी 31 अंश.

आणि नायट्रेट वाढवायचा सल्ला देताना पुढचंही सांगा. नायट्रेट वर आणि फॉस्फेट शून्य ही अवस्था आणखी वाईट. साउदॅम्प्टनच्या वीडेनमान यांच्या गटाने 2013 सालीच दाखवलंय की फॉस्फेटची उपासमार झालेलं कोरल उष्णतेला आणि प्रकाशाला लवकर बळी पडतं.

सम्पशास्त्री
मी दोन्ही आकडे लिहिलेत. दिवेही उतरवलेत. चष्मा पुसून वाचा.

निळी_ट्यूब
दिवे उतरवले तर रंग दिव्यामुळे आला की फॉस्फेटमुळे, हे कसं ठरवलंत? एका वेळी चार गोष्टी बदलायच्या आणि श्रेय आवडत्या गोष्टीला.

सम्पशास्त्री
हा मुद्दा बरोबर आहे. वर्षातून एखादा येतो तुमचा.

खारट
दोघेही थोर. सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) कोणी विचारली का? मी दोन वर्षं रिफ्रॅक्टोमीटर (थेंबात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) आरओ पाण्यावर शून्य करून खुशाल होते. पट्टी रोज 35 दाखवायची आणि झोआ कोरल मिटलेल्या. शेवटी 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणाचा थेंब टाकला तर पट्टीवर 38! म्हणजे टँक कायम 32 वर. शून्यावर बरोबर असलेली पट्टी 35 वर बरोबर असेलच असं नाही.

पॉलिपपाल
अवांतर: माझा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर (घनतेवरून खारटपणा दाखवणारा, काट्याचा) नऊ वर्षं चालतोय. एकही कोरल पांढरं नाही.

खारट
नऊ वर्षं चुकीचं दाखवत असेल तर कळणार कशावरून? काट्याला एक बुडबुडा चिकटला की काटा वर, आणि तुम्ही लगेच गोडं पाणी ओतणार.

पॉलिपपाल
बुडबुडे झटकता येतात आम्हाला. आणि विकतचं द्रावण बरोबर आहे हे कशावरून? बाटलीवर छापलंय म्हणून? ताई, तुम्ही थेंबच मोजत बसता, टँकचा फोटो काही कधी दिसला नाही.

खारट
फोटो टाकते, तुम्ही आकडा टाका. बाटलीवर विश्वास नसेल तर 36.5 ग्रॅम साधं मीठ 963.5 ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. रिफ्रॅक्टोमीटरला ते 35 पीपीटीच्या समुद्रासारखंच दिसतं. मात्र हायड्रोमीटरला हे द्रावण लावू नका, तिथे घनतेचं गणित वेगळं. आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या माझ्या नावाने ओरडाल.

पॉलिपपाल
म्हणजे आता मीठ मोजायला तराजू घेऊ. मग तराजू तपासायला काय घेऊ?

सम्पशास्त्री
धागा ब्लीचिंगचा आहे हो. रोजपाणी आहेत का? तुमच्या नव्या मिठाच्या पाण्याचा आल्क (अल्कलिनिटी, पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) किती?

रोजपाणी
आहे. इतका वेळ स्वतःची शोभा बघत होतो. बादलीत 11.5 डीकेएच (आल्कचं एकक), टँकमध्ये 8.

निळी_ट्यूब
आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य. रोज ही बादली ओतता, म्हणजे आल्कला रोज झटका. ॲक्रो कोरलची टोकं पांढरी झालीत ना?

रोजपाणी
झालीत. बरं, घ्या, जिंकलात. जीएफओ काढतो. पण पाणी बदलणं चूक असं माझ्या तोंडून वदवून घेता येणार नाही. आठवड्यातून एकदा करीन, आल्क जुळवून. झालं समाधान?

खारट
बादलीची सॅलिनिटी कशाने मोजता?

रोजपाणी
हायड्रोमीटरने.

पॉलिपपाल
शाब्बास!