रविवारची यादी: परत तीच गाणी?

धाकटा मामा: यादीत परत 'हॉटेल कॅलिफोर्निया', 'स्टेअरवे टू हेवन', 'स्मोक ऑन द वॉटर'. मागच्या तिन्ही वेळा हेच. हात जोडतो, एकदा तरी त्याच रेकॉर्डवरची बाकीची गाणी लावा.

आप्पा: यादी मी केली आहे. तक्रार असेल तर सरळ सांगावी.

धाकटा मामा: आप्पा, रोख तुमच्यावर नाही. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्याच रेकॉर्डवर अगदी शेवटी 'द लास्ट रिसॉर्ट' आहे. सात मिनिटांचं. माणसं सुंदर जागा शोधतात, तिथं राहायला जातात आणि तीच जागा नासवतात. सुरुवात पियानोवर, अगदी हळू. १९७६ पासून ते तिथंच आहे, आणि आपण पहिल्या गाण्यानंतर सुई उचलतो.

मावशी: रविवारी कोण कोण येणार ते आधी सांगा.

दादा: मामा, ओळखीचं असलं की सगळ्यांना सोबत गाता येतं.

धाकटा मामा: 'स्मोक ऑन द वॉटर' कोण गातं रे? सगळे तोंडानं गिटारच वाजवतात.

ताई: त्यात दादा पहिला!

दादा: ताई, स्पीकरच्या वेळी मी गप्प बसलो होतो, लक्षात ठेव.

ताई: तो विषय इथं नको.

आप्पा: विषय गाण्यांचा आहे.

धाकटा मामा: तेच म्हणतोय. 'स्मोक'च्या त्याच रेकॉर्डवर 'पिक्चर्स ऑफ होम' आहे, १९७२. त्यात चक्क बास गिटारचा सोलो!

छोटी: मामा, क्वीन बँडचं '३९' पण! 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्याच रेकॉर्डवर आहे. अंतराळात जाऊन आलेल्याचं वय एकच वर्ष वाढलंय, आणि इकडे त्याची माणसं कधीच गेलेली. मी दर वेळी रडते. लिहिणारा ब्रायन मे, त्यानं २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएचडी पूर्ण केली.

धाकटा मामा: शाब्बास. त्याच रेकॉर्डवर!

ताई: हे पाचव्यांदा झालं, मामा.

आप्पा: 'स्टेअरवे' निघणार नाही.

धाकटा मामा: काढू नका. पण त्याच रेकॉर्डवरचं शेवटचं ऐका, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. मूळ ब्लूज गाणं १९२९ चं, मिसिसिपीच्या १९२७ च्या पुरावरचं. लेड झेपलिन बँडनं ते करताना एका जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडले आणि माइक वरून खाली सोडले. पहिल्या ठोक्यालाच तो जिना ऐकू येतो.

मावशी: कोण कोण येणार??

आप्पा: ऐकलं. दोनदा. जिना ऐकू येतो. 'स्टेअरवे'च्या खाली लिहिलंय. दादा, मोठा स्पीकर आण.

दादा: कोणता? तो ताईकडे आहे.

ताई: माझ्याकडे नाही.

मावशी: कोण येणार ते अजून कुणीच सांगितलं नाही.