अनुभव धागा : दुसरी बॅटरी सोबत होती म्हणून…

रात्रीचा डोंगर असो, शेतातली पाण्याची पाळी असो की वादळानंतर अंधारात बुडालेलं गाव असो, हातातली बॅटरी बंद पडली आणि दुसरीने तारून नेलं असे अनुभव इथे लिहा. अगदी चार ओळींचा असला तरी चालेल. दुसरी बॅटरी नेमकी कुठे ठेवली होती, तेवढं मात्र जरूर सांगा. सुरुवात मी करते.

हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीच्या वाटेने खिरेश्वरला उतरत होतो. सोबतच्या एकाचा पाय मुरगळल्यामुळे उशीर झाला आणि खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावरच अंधार पडला. रेलिंग धरून उतरताना माझा हेडटॉर्च एकदम विझला. जुन्या बल्बच्या बॅटऱ्या आधी पिवळ्या पडायच्या, मग मंद व्हायच्या, सेल उतरल्याचं कळायचं. आताच्या बऱ्याच एलईडी टॉर्चचा उजेड शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि मग गप्पकन जातो. सॅक उतरवून चाचपायला तिथे जागाच नव्हती. छोटी बॅटरी पॅंटच्या खिशात होती. ती दातात धरली, तिच्या उजेडात हेडटॉर्चचे सेल बदलले. सेलच्या खाचेतली अधिक-उण्याची खूण अंधारात दिसत नाही हो! जादा सेल सगळेच नेतात, पण ते घालायलाही उजेड लागतो.

बांधावरचा
ताई, आमच्याकडे जुन्नर भागात शेतीपंपाची लाईट आठवड्याच्या पाळीने येते. रात्रपाळी आली की रात्रीच उसाला पाणी. बिबट्याची भीती असतेच, पण मला धाक जास्त घोणसचा. मागच्या हिवाळ्यात दारं मोडताना, म्हणजे पाटाचं पाणी सरीत वळवताना, मोठी बॅटरी हातातून निसटून पाटात पडली आणि विझली. त्याच वेळी बांधाकडून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला. जागचा हललो नाही. कपाळावर हेडटॉर्च होता, तो लावला. घोणस हाताभर अंतरावर वेटोळं घालून बसलेली. हळूहळू मागे सरकलो, तीही गवतात गेली. फावड्याला दोन्ही हात लागतात, म्हणून हेडटॉर्च मुलाने हट्टाने घ्यायला लावला होता. तो डोक्यालाच असतो, म्हणजे शोधाशोध नाही.

समुद्रकाठ
३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धनजवळ आमची वाडी आहे. खांब आडवे झाले, तारा माडांवर लोंबकळत होत्या आणि लाईट कित्येक दिवस आली नाही. चार्जिंगच्या दोन बॅटऱ्या घरात होत्या, त्या पाठोपाठ संपल्या. दोन्ही एकाच जातीच्या असल्या की दोघींचं दुखणंही एकच. उपयोगी पडली ती आजीची पत्र्याची, दोन जाड्या सेलवाली बॅटरी. आजी काम झालं की सेल काढून वेगळे ठेवायची, त्यामुळे आत पांढरं साचून पत्रा खाल्लेला नव्हता. पडवीत कौलं फुटून काचा नि खिळे पसरलेले, रात्री संडासला जायचं तरी तिच्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं.

हिमपाऊल
उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या माथ्यासाठी पहाटे अंधारात निघालो होतो. थंडीत साधे अल्कलाईन सेल फार लवकर मान टाकतात, चार्जिंगचेही कमी टिकतात. माझा दुसरा टॉर्च रात्रभर स्लीपिंग बॅगमध्ये होता, मग जॅकेटच्या आतल्या खिशात. गटातल्या दोघांचे टॉर्च वाटेत मंदावले, तेव्हा माझा एकाला दिला. राहिलेल्याला मध्ये घेऊन चाललो.
मोबाईल आहे की, असं नेहमी ऐकू येतं. पण त्याची बॅटरी ११२ला फोन लावायला आणि नकाशा बघायला उरली पाहिजे. शिवाय मोबाईल एका हातात धरून कातळ उतरणं धोक्याचंच आहे.

(धागाकर्ती)
बांधावरचे दादा, पाटात पडलेली बॅटरी पुन्हा चालली का? पावसाळी ट्रेकच्या आधी मला हे माहीत हवंय.

बांधावरचा
चालली. सेल लगेच काढले, झाकण आणि काच उघडून दोन दिवस सावलीत वाळवली. उन्हात नाही ठेवली, रबराचं वायसर कडक होतं. काच आतून थोडी धुरकट राहिलीय, पण उजेड बांधाच्या टोकापर्यंत जातो. आता ती गोठ्यात टांगलीय, शेतावर दोरी बांधलेली नवी नेतो.