ऊसतोडीची मुलं शाळेतून का गळतात : हंगामी वसतिगृह की फडावरची शाळा?

गोदाकाठ : बीडच्या ऊसतोड कामगारांना 'शिक्षणाचं महत्त्व नाही' हे बोलणं बंद करा. मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. दोघंही तोडीला गेले की मागे मूल सांभाळणार कोण? दसरा-दिवाळीला गेलेलं लेकरू मार्च-एप्रिलात परततं, तोवर वर्गात भागाकार, अपूर्णांक होऊन गेलेले असतात. पुढच्या वर्षी ते मागच्या बाकावर, त्यापुढे पटावर फक्त नाव. उपाय गावातलंच हंगामी वसतिगृह, पण वेळेत. यादी सप्टेंबरात पक्की हवी, स्वयंपाकीण ठरलेली हवी, महिन्याचा किराणा भरलेला हवा. दिवाळीनंतर मंजुरी आली तर पोरं केव्हाच ट्रॅक्टरवर बसून गेलेली असतात.

फडकरी : वसतिगृहावर एवढी भिस्त नको. सहा वर्षांचं पोर सहा महिने आईविना राहत नाही, आणि वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही. त्याच धास्तीनं लग्नं उरकली जातात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. मग स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या शाळेतच बसवा ना!

गोदाकाठ : गाडीसेंटरला, म्हणजे बैलगाडीवाल्या तोडकऱ्यांच्या तळावर, हे जमेल, कारण त्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) हंगामभर एका जागी असतात. ट्रॅक्टर-टोळीचा मुक्काम फडाबरोबर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या शेताबरोबर हलतो. कार्ड दाखवून नाव लागेपर्यंत टोळी पुढच्या गावाला!

फडकरी : हे मान्य. पण गाडीसेंटरवरही नाव लागलं म्हणजे मूल शाळेत गेलं असं नाही. आईबाप पहाटे चारला फडात जातात. कोपीत अकरा वर्षांची मुलगी कडेवर तान्हं घेऊन पाणी भरते, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधते. शाळेची घंटा साडेदहाला होते, तेव्हा ते तान्हं कुणाकडे द्यायचं? आधी कोप्यांजवळ पाळणाघर, मग शाळा. हा क्रम चुकला की हजेरी कागदावरच राहते.

आठवीनंतर : दोघंही चौदा वर्षांखालच्यांबद्दलच बोलताय. कायदा 6 ते 14 वयाचाच आहे. नववीला गाव सोडावं लागतं, आणि पंधराव्या वर्षी हातात कोयता येतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच्या 2021 च्या संत भगवान बाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं ठरली. मुलींची आधी भरा. आठवीच्या निकालाआधीच घरी जाऊन अर्ज भरून घ्या, कारण उचल पावसाळ्यातच ठरते. उचल घेतली की त्या मुलीचं नाव कोयत्यात धरलेलं असतं.