विकत घेतलेल्या पुस्तकाची पीडीएफ: हक्क की चोरी?

दारव्ह्याचा वाचक: ‘पुस्तक घरात असले तरी त्याची पीडीएफ फुकट उतरवणे ही चोरीच’ असा निवाडा काल येथे दिला गेला, म्हणून हे लिहीत आहे. 1998 साली कापसाचा चुकारा हाती आल्यावर वडिलांनी एक कोश घेतला होता. पुढे एका पावसाळ्यात कवेलू सरकले, पाणी कपाटावर उतरले आणि जे वाचले ते उधईने फस्त केले. नवी आवृत्ती निघालेली नाही आणि प्रकाशकाने दोन पत्रांना उत्तर दिलेले नाही. मोबदला चुकता केलेला तोच मजकूर मोबाइलवर वाचताना मी कोणाचे नुकसान केले?

मूर्तिजापूरचा पुस्तकविक्रेता: निवाडा माझाच होता आणि तो कायम आहे. सायकल चोरीस गेली म्हणून दुकानातून दुसरी फुकट उचलता येते काय? प्रताधिकार कायदा 1957 चे कलम 52 खासगी वापरासाठी रास्त सवलत देते. परंतु प्रती काढून लोकांना देण्याचा हक्क कलम 14 ने प्रताधिकाराच्या मालकाकडे ठेवला आहे, आणि आपण उतरवलेली प्रत कोणीतरी विनापरवाना वाटलेली आहे. माझ्या दुकानात येऊन मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि ‘पीडीएफ मिळेल का’ असे मलाच विचारतात!

दारव्ह्याचा वाचक: सायकल उचलली तर दुकानातली एक कमी होते, पीडीएफने आपल्या फडताळातले काय हलले?

आर्वीकडील ग्रंथपाल: लेखकाच्या निधनाला 60 वर्षे होऊन गेली असतील, तर प्रताधिकारच संपतो आणि हा वाद उरत नाही, ते आधी पाहावे. आमच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासनाच्या सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, वाचनालयात कोशाची एकच प्रत आहे आणि ती अनुदानाची वाट पाहत बांधणीवाचून पडली आहे.

मूर्तिजापूरचा पुस्तकविक्रेता: ताई, वाचनालयांनी अनुदानाचे नाव काढू नये. एका वाचनालयाकडे माझी तीन वर्षांची उधारी थकली आहे, आणि त्याच वाचनालयात माझ्याकडून नेलेल्या पुस्तकांच्या झेरॉक्स निघतात.

आर्वीकडील ग्रंथपाल: एकाचा राग सगळ्यांवर काढू नका. आपण गाईडखेरीज काही ठेवत नाही, म्हणून मुलांना झेरॉक्स काढावी लागते.

मूर्तिजापूरचा पुस्तकविक्रेता: कादंबऱ्या ठेवल्या होत्या. धूळ मीच झटकत होतो.

दारव्ह्याचा वाचक: कोशाचे लेखक हयात आहेत, त्यामुळे ताईंची वाट मला बंद आहे. कोश शाबूत असताना मीच त्याची पाने टिपून ठेवली असती, तर कलम 52 चा आधार मला घेता आला असता, एवढे नाइलाजाने मान्य करतो. उधईने तेवढी मुदत दिली नाही. नवी आवृत्ती निघाल्यास आपल्याच दुकानातून घेईन, मात्र तोवर पीडीएफ पुसणार नाही.

मूर्तिजापूरचा पुस्तकविक्रेता: नोंद केली आहे. रक्कम आगाऊ भरावी लागेल.