अकोले तालुक्यात स्वतःचं धान्य-पाणी-इंधन असलेलं घर करायचंय, जागा पारखताना काय बघू?

संगमनेरी_पुण्यात:
नमस्कार मंडळी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही पुण्यात अकराव्या मजल्यावर होतो, टँकर दोन दिवस आला नाही तेव्हा आईला बादलीभर पाण्यात दिवस काढताना बघितलं आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की तीन-चार महिने बाहेरचं सगळं बंद पडलं तरी घर चाललं पाहिजे. बायको, दोन मुलं, आई आणि मी. वडिलांचा सातबारा संगमनेर तालुक्यात आहे त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला मिळेल. अकोले तालुका निवडला कारण प्रवरा आणि मुळा दोन्ही तिथेच उगम पावतात, भंडारदरा, निळवंडे अशी धरणं आहेत, पाऊस भरपूर. दोन जागा बघितल्या, एक भंडारदऱ्याच्या वरच्या बाजूला उतारावर 2 एकर, व्ह्यू एकदम मस्त, आणि दुसरी आढळा खोऱ्यात देवठाणकडे, सपाट. मन पहिल्या जागेवर आहे. तिथल्या लोकांनी खरं काय ते सांगावं.

डांगाणातला:
दादा, मी वरच्या पट्ट्यातलाच, आजही घरी भातशेती आहे. पहिली गोष्ट, अकोले एक तालुका धरूच नका. घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिमी पडतो आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर अकोले गावात पाचशेच्या आसपास. पण गंमत नाही, दुःख आहे, की एवढा पाऊस पडून वरच्याच गावांत एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. खाली काळा कातळ, उतार तीव्र, पाणी मुरतच नाही, सगळं धावत धरणात जातं. आणि धरणातलं पाणी खालच्या कालव्यांचं. भंडारदरा 1926 चं आहे, तेव्हापासून आमच्याकडे धरण उशाला आणि कोरड घशाला हीच गत.

म्हणून हिशोब असा करा. माणशी 55 लिटर धरलं तर तुम्ही पाच जण म्हणजे दिवसाला 275, ऑक्टोबर ते मे 240 दिवस, झाले 66 हजार लिटर. 1000 चौरस फूट पत्र्यावर 100 मिमी पावसात गळती-सांडणं वजा जाता साधारण 7 हजार लिटर जमा होतं, म्हणजे वरच्या भागात हजारभर मिमीत, जुलै संपायच्या आत टाकी भरेल. पाणी भरायचा प्रश्न नाहीच, साठवायचा आहे. 66 हजारांची टाकी बांधायची ऐपत आणि जागा आहे का ते आधी बघा, गाय ठेवली तर तिचे रोजचे साठेक लिटर वेगळे.

गाय ठेवलीच तर डांगी ठेवा. संकरित गाय आमच्या पावसात टिकत नाही, डांगी भिजत उभी राहते. धान्यात भात, नागली म्हणजे नाचणी, वरई, तेलासाठी खुरासणी, उडीद. नागली नीट वाळवून कणगीत ठेवली की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, आमची आजी दुष्काळासाठी म्हणून वेगळी ठेवायची. बियाणं मात्र गावठीच घ्या, काळभात, जिरवेल असलं, दरवर्षी दुकानात जावं लागत असेल तर ते स्वावलंबन कसलं. कोंभाळण्यात राहीबाई पोपेरेंची बियाणे बँक आहे, 2020 ची पद्मश्री मिळालेल्या त्याच, एकदा जाऊन बघा.

सोलरवर फार विसंबू नका. जुलैमध्ये आमच्याकडे पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, आणि नेमकी लाईट जाते ती तेव्हाच. गोबरगॅसला 2 घनमीटरला 4-5 जनावरांचं शेण लागतं. वाळलेली लाकडं मे संपायच्या आत पडवीत पाहिजेत.

फेरफार_वाचा:
व्ह्यू बाजूला ठेवा, आधी सातबारा काढा. पश्चिम अकोल्यात बहुतेक जमीन आदिवासी खातेदारांची आहे, महादेव कोळी, ठाकर. जमीन महसूल संहितेचं कलम 36अ 1974 पासून आहे, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, अदलाबदल, भाडेपट्टा काहीच परवानगीशिवाय होत नाही, आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांसोबत शासनाचीही मान्यता लागते. मला एका एजंटने 99 वर्षांचा करार करून देतो म्हणून सांगितलं होतं, मी कागद वकिलाला दाखवले म्हणून वाचलो. आणि कायदा सोडा, ज्या माणसाची ती दोन एकर जाणार तो पुढे काय खाणार, हेही विचारा स्वतःला. शिवाय 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, गट नंबर त्याच्या हद्दीत किंवा लगत आहे का ते वनखात्याकडून लेखी घ्या.

उतारावर घर नकोच. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव इथून फार लांब नाही, 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली.

सिस्टरताई:
मी आदिवासी भागात बरीच वर्षं नोकरी केली म्हणून लिहिते. आई सोबत आहेत ना, मग पाण्याइतकंच दवाखान्याचं अंतर बघा. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, पण मोठं काही झालं तर संगमनेर किंवा नाशिक, म्हणजे पावसात रात्री दीड-दोन तास धरा. आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सापाचं प्रमाण वाढतं, मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि जखम दिसतही नाही. खाट आणि मच्छरदाणी खोचून घ्या, बॅटरी हाताशी ठेवा, चावल्यावर बांधाबांधी-कापाकापी न करता सरळ रुग्णालयात, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथेच. आईंची बीपी-शुगरची गोळी तीन महिन्यांची जास्तीची घरात पाहिजे, धान्याआधी.

संगमनेरी_पुण्यात:
सगळ्यांचे मनापासून आभार. 36अ माहीतच नव्हतं, एजंटने शब्दही काढला नव्हता, वरची जागा सोडली. मग देवठाणची घेऊ का? तिथे पाऊस कमी आहे ना?

डांगाणातला:
कमी आहे. त्याच पत्र्यावर 500 मिमीत 35-37 हजार लिटर, म्हणजे पिण्या-स्वयंपाकाचं निघेल, बाकी विहिरीवर. म्हणून विहीर मे महिन्यात बघा, दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. दोर सोडून पाण्याची खोली मोजा, एक तास मोटर चालवा, दुसऱ्या दिवशी सकाळी किती परत भरली ते बघा. शेजाऱ्याची बोअर किती फुटांवर आहे तेही विचारा, तो खोल गेला की तुमची आटणार. खाली उसात बिबट्या असतो, पोरं आणि शेळ्या संध्याकाळी आत घ्यायची, गोठा वरून-खालून बंद पाहिजे.

आणि एक काम करा, घेण्याआधी एक पावसाळा तिथे भाड्याने राहा. आवणीला लोक एकमेकांकडे सावडीने जातात, तुम्हीही जा, चिखलात उभे राहा चार दिवस. मग तुमच्या शेतात आवणी निघेल तेव्हा कोणीतरी येईल. पाच माणसांचं भात, नागली, तेल, डाळ सगळं एकट्या कुटुंबाने काढलेलं मी तरी आमच्या गावात बघितलं नाही, खुरासणी एकाकडून, हुलगे दुसऱ्याकडून असंच चालतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात येत असाल तर मेसेज करा, दोर आणि बादली मी घेऊन येतो.