आकड्यांची नोकरी सोडून खानापूरच्या मातीत यावं का?

अनगोळकर_पुण्यात

नमस्कार. मी बेळगावची, अनगोळची. गेली बरीच वर्षं पुण्यात एका फायनान्स कंपनीत क्रेडिट रिस्कचं काम करते. कर्ज मागणारा माणूस फेडेल की बुडवेल, याचा अंदाज बांधणारी मॉडेलं मी बनवते. काम मला चांगलं येतं. पण ज्याचा अर्ज नाकारला जातो तो माणूस मला कधीच दिसत नाही, दिसतो फक्त स्कोअर. आताशा याचं फार ओझं वाटतं. रात्री झोप येत नाही.

दिवाळीला घरी आले होते तेव्हा पणत्या आणायला खानापूरला गेले. तिथल्या एका आजोबांनी चाकावर बसू दिलं. हातातली माती वर चढताना डोक्यातला सगळा गोंगाट थांबला. तेव्हापासून पुण्यात एका स्टुडिओत शनिवार-रविवार शिकतेय, पण मन खानापुरातच आहे. आई अनगोळला एकटी असते, तेही एक कारण.

या वयात कुंभारकाम शिकता येईल का? त्यावर पोट भरेल का? आणि खरी भीती ही, की सगळं मोजत बसायची सवय माझ्याबरोबर मातीतही येईल. मग इथून तिथं जाऊन काय बदललं?

खानापूरची_सून

ताई, आमच्या घरात हेच काम आहे, म्हणून लिहिते. शिकता येतंय, वयाचं काही नाही. पण नुसतं चाक म्हणजे कुंभारकाम नव्हे. माती आणा, वाळवा, कुटा, चाळा, भिजवा, तुडवा, मग चाक. ते सगळं बायकाच करतात आणि फोटो चाकावरच्या माणसाचा निघतो.

आमचं वर्ष सणांवर चालतं. जेठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, म्हणजे मातीचे बैल दोनदा. मग नागपंचमीचे नाग, गणपती, घटस्थापनेचे घट, पणत्या, संक्रांतीची सुगडी, आणि उन्हाळाभर माठ. बैल, नाग, गणपती सगळे नेमके पावसात, आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चुलीच्या वर माळ्यावर माल वाळवावा लागतो. आव्यासाठी, म्हणजे माल भाजायच्या भट्टीसाठी, लाकूड मेमध्येच भरून ठेवलं नाही तर दिवाळी गेली समजा.

एक मनापासून सांगते, राग मानू नका. पणत्या, सुगडी, बैल आमच्या लोकांकडंच राहू द्यात. शहरातनं शिकून आलेलं माणूस तेच रंगवून ऑनलाइन विकायला लागलं की आमच्या पोटावर येतंय. स्वयंपाकाची भांडी, झाडांच्या कुंड्या, असलं काहीतरी करा. त्यात आमचीही मदत घ्या, आम्ही करू.

आणि तुम्ही कर्जाचं काम करताय म्हणून विचारते. आमच्या मालकांनी कारागिरांसाठीच्या सरकारी विश्वकर्मा योजनेत नाव घातलं, ट्रेनिंग झालं, पण कर्जाचा अर्ज परत आला. का ते कुणी सांगेना.

भट्टीवाला_जांबोटी

मी बेंगळुरात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. आता जांबोटी रस्त्यावरच्या एका गावात भांडी करतो. पैशाचं आधी सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. आमचं घर बायकोच्या शाळेच्या पगारावर चालतं. माझ्या भांड्यांतून माती, लाकूड, भाडं आणि थोडं वर एवढंच सुटतं. मी समाधानी आहे, पण तो पगार नसता तर परत गेलो असतो.

मोजण्याच्या भीतीबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. मातीला मोजमाप लागतंच. मी प्रत्येक नव्या मातीची पट्टी करतो, तिच्यावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढतो आणि वाळल्यावर, भाजल्यावर ती किती आखडली ते वहीत लिहितो. मातीतली गार, म्हणजे क्वार्ट्झ, ५७३ अंशांना एकदम फुगते आणि निवताना तिथंच आकसते. भट्टी घाईनं उघडली की भांड्याला तडा जातो तो बऱ्याचदा यामुळं. माझे गुरुजी हे आकडे जाणत नाहीत. आगीचा रंग बघून, विटेला हात लावून ते सांगतात, ‘आज उघडायची नाही.’ मी थर्मामीटर बघतो, आणि आम्ही दोघं एकाच उत्तराला येतो. तुमचं मन आकड्यांवरून उडालेलं नाही असं मला वाटतं. ज्याच्यासाठी मोजता ती वस्तू, तो माणूस समोर नव्हता, म्हणून ते उडाल्यासारखं वाटतंय.

राजीनामा लगेच देऊ नका. बिनपगारी रजा मिळत असेल तर गणपतीपासून संक्रांतीपर्यंत इथं राहा. ओला आणि कोरडा, दोन्ही हंगाम अंगावर येतील. खादी ग्रामोद्योग आयोगाची पॉटरी इन्स्टिट्यूट खानापुरातच आहे, तिथं प्रशिक्षणाची चौकशी करा. अनगोळहून रोज येणं-जाणंही जमण्यासारखं आहे, तीसेक किलोमीटर, म्हणजे आईचाही प्रश्न सुटतो. बोलायला मराठी पुरते, पण सरकारी कागद कन्नडमध्ये असतात. वाचायला तरी शिका.

निवृत्त_टिळकवाडी

ताई, एवढंच सांगतो. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा जातो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईंचंही बघा.

अनगोळकर_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. रजेचा अर्ज सोमवारी देते. विम्याचं डोक्यातच नव्हतं, काका. आणि वहिनी, पणत्या-सुगड्यांचं तुम्ही म्हणालात ते पूर्ण पटलं, त्याला मी हात लावणार नाही. कुंड्यांचं तुमच्याकडंच येऊन शिकेन, चालेल ना? माती तुडवण्यापासून.

आता तुमच्या अर्जाचं. विश्वकर्मा योजनेत पहिला हप्ता एक लाखापर्यंत मिळतो आणि त्याला तारण लागत नाही, तेव्हा तारण नाही म्हणून अर्ज परत आला नसावा. नेहमीची कारणं बघू या. योजनेत नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं यांतल्या एकालाच लाभ मिळतो, मग तुमचं किंवा एखाद्या मुलाचं नाव आधीच घातलंय का? मालकांनी मागच्या पाच वर्षांत मुद्रा कर्ज घेतलं होतं का? घेतलं असेल तर ते पूर्ण फिटलेलं लागतं. आणि मालक कधी कुणाला जामीन राहिले होते का? त्या माणसानं हप्ते थकवले असतील तर ते तुमच्या मालकांच्या नावावरही दिसतं, आणि हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. बँकेनं काही लेखी दिलं असेल तर आधार नंबर झाकून त्याचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा. लेखी नसेल तर आधी ते मागा. रविवारी मी अनगोळला येतेय. कागद घेऊन दुपारी बसू या का?