अंगणातल्या गाडीला कोणतं कव्हर?

प्रश्न: रत्नागिरीत गाडी उघड्यावर, आंब्याखाली असते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, मे महिन्यात रणरणतं ऊन. टिकाऊ कव्हर सुचवा.

उत्तर १: ताडपत्रीसारखं प्लास्टिक अजिबात घेऊ नका. आत ओल कोंडते, रंगावर डाग पडतात, खाऱ्या हवेत गंज धरतो तो वेगळाच. हवा खेळणारं, तीन-चार पदरी, आतून मऊ अस्तराचं बघा. यूव्ही-रोधक आहे का ते विचाराच, नाहीतर उन्हाने कापडाचा भुगा होतो. आमचं आधी आरशांच्या शिवणीवर विरलं.

उत्तर २: पोटाखालचा पट्टा हवाच. कव्हर फडफडलं की धूळ रंग खरवडते.

प्रश्नकर्ता: भर पावसात रोज घालू?

उत्तर १: ओल्या गाडीवर नको हो. उघडीप मिळाली की दोन्ही वाळवा.